पैसे अडकल्यास

खोटं कशाला बोलू, माझा राग त्या डब्यावर होता. लोक माणसांचा राग करतात, मी साबणाच्या वडीएवढ्या एका डब्याचा करत होते. फळीच्या पलीकडे, माझ्या धाकट्या जावेच्या टेबलावर तो बसलेला असायचा आणि गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे दिले की खणखणीत आवाजात सांगायचा, "एकशे वीस मिळाले, धन्यवाद." दिवसातून तीस वेळा, कधी चाळीस वेळा. मोजायचं नाही असं मी रोज सकाळी ठरवायचे आणि दुपारपर्यंत माझा आकडा तयार असायचा. सवत परवडली, ती निदान मध्ये श्वास तरी घेते.

दुकान एकच, सासऱ्यांचं. त्यांना सुईत दोरा दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी मधोमध प्लायवूडची फळी उभी केली आणि वाटणी करून टाकली. नवं शिवणकाम माझ्याकडे, म्हणजे कोट, जाकिटं, शाळेचे गणवेश. दुरुस्तीचं काम धाकटीकडे, म्हणजे पॅन्टची उंची कमी कर, चेन बदल, कंबर सैल कर. ऐकणाऱ्याला वाटतं, थोरलीचा मान राखला. राखला की. मान माझ्याकडे आणि गिऱ्हाईक तिच्याकडे. कोट माणूस दहा वर्षांतून एकदा शिवतो, पोट दर वर्षी सुटतं. हे सासऱ्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही, पण मोठ्यांना कोण बोलणार.

फळी छतापर्यंत नव्हती. उभं राहिलं की पलीकडचं दिसायचं आणि बसलं की ऐकू यायचं. पुढचा कापायचा टेबल दोघींचा सामाईक, आणि त्यावरची मापाची वहीही सामाईक. त्या वहीचा सासऱ्यांनी घालून दिलेला एकच नियम होता: खाडाखोड करायची नाही. माप चुकलं तर खाली नवीन लिहायचं, जुनं तसंच ठेवायचं. खोडलेला आकडा घाईत भलताच वाचला जातो आणि कापड एकदा कापलं की कापलं. चाळीस वर्षांच्या वह्यांत एक रेघ मारलेली सापडायची नाही. आम्ही दोघीही तो नियम पाळत होतो. तेवढं एक आमचं जमायचं.

धाकटी कामाला वाईट असती तर माझी ना नव्हती. पण तिचा हात साफ. गिऱ्हाईक तिला 'मॅडम' म्हणायचं आणि मला 'अहो बाई'. ती हसून बोलायची. चेन बदलून झाली की दोनदा वरखाली करून दाखवायची, जणू चेन तिनेच शोधून काढलीय. आणि तिच्या मशीनच्या वर, भिंतीवर, एका भरतकामाच्या मशीनचं चित्र चिकटवलेलं होतं. कॉम्प्युटरवाली. कापड अडकवायचं, बटण दाबायचं, नाव म्हणा, फूल म्हणा, शाळेचा बिल्ला म्हणा, सगळं आपोआप भरून निघतं. तीन वर्षं ती त्या मशीनसाठी पैसे साठवत होती. येता-जाता सांगायची, "ताई, अजून थोडेच राहिले." मी म्हणायचे, "हो का, छान." मनात मात्र हिशेब चालायचा. बिल्ले तिच्याकडे गेले की गणवेशही तिच्याकडे जायला किती वेळ? मग मी काय, मान घेऊन बसू?

डब्यासाठी मी अर्ज केला नाही असं नाही. तीनदा केला. पहिल्यांदा फोन म्हणाला, नाव जुळत नाही. बँकेत माझं माहेरचं आडनाव, ओळखपत्रावर सासरचं, आणि दुकानाच्या कागदावर सासऱ्यांनी घातलेलं तिसरंच स्पेलिंग. मी एकटी, पण कागदोपत्री तीन बायका. दुसऱ्यांदा म्हणाला, चेहरा चौकटीत आणा. आणला. डोळे मिचकावा. मिचकावले. मान डावीकडे वळवा. वळवली, तर म्हणाला, उजेड कमी आहे. या वयात फोनपुढे डोळे मिचकावत उभी असलेली मी धाकटीने फळीवरून बघितली आणि म्हणाली, "ताई, इकडे खिडकीत या ना, इथे उजेड छान येतो." खिडकी तिच्या वाटणीत गेलेली आहे. मी गेले नाही. तिसऱ्यांदा सगळं जमलं आणि शेवटच्या पायरीला सहा आकड्यांचा कोड आला, तो मी चष्मा शोधेपर्यंत शिळा झाला. पुन्हा पहिल्यापासून. धाकटीचा डबा एका दुपारात आला होता. तिची कागदपत्रं म्हणे सगळी एकाच नावाची. असतात एकेकाची नशिबं.

तर डबा नाही म्हणून मी नुसत्या फोनवर पैसे घ्यायचे. दरवेळी हातातलं काम ठेवायचं, चष्मा लावायचा, फोन उघडायचा, पैसे आले का बघायचं, आणि तोवर गिऱ्हाईक दारात पाय हलवत उभं. एके दिवशी दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचे दोन पांढरे कोट आणि एक थंडीचा, असे तीन शिवून तयार होते. त्यांनी पैसे पाठवले. त्यांच्या फोनवर हिरवी खूण आली, माझ्या फोनवर काहीच नाही. 'व्यवहार प्रक्रियेत आहे.' बाईंनी मला त्यांच्या खात्यातून पैसे गेलेले दाखवले. आता त्यांना काय धरून ठेवणार? कोट दिले. पलीकडे डबा ओरडला, "ऐंशी मिळाले, धन्यवाद."

मी मदत मागायला गेले. फोनमध्ये मदतीचं पान असतं, तिथे एक हसरा चेहरा म्हणतो, "नमस्कार, मी तुमची काय मदत करू?" मी सगळी हकिगत लिहिली. तो म्हणाला, "तुमचा प्रश्न सुटला का? हो. नाही." मी 'नाही' दाबलं. तो म्हणाला, "नमस्कार, मी तुमची काय मदत करू?" असं चार वेळा झालं. भिंतीशी बोलले असते तर निदान भिंतीने नमस्कार घातला नसता. शेवटी मी त्या कंपनीच्या मदतीचा नंबर नेटवर शोधला. सगळ्यात वर जो आला तो हाताशी असलेल्या मापाच्या वहीत, अगदी मागच्या पानावर लिहिला. वर मथळा दिला: 'पैसे अडकल्यास'. त्याखाली टेप आडवी धरून रेघही ओढली. आणि फोन लावला.

माणूस काय गोड बोलायचा. "बोला मॅडम." मला. मॅडम. मी सगळं सांगितलं, आणि बोलता बोलता डब्याचंही सांगितलं, तीन अर्ज, तीन नावं, सगळं. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारख्या जुन्या व्यावसायिकांना असा त्रास व्हायला नको. अडकलेले पैसे आत्ता सोडवतो आणि डब्याचा अर्जही आजच पुढे सरकवतो. परवा डबा तुमच्या टेबलावर." मी फळीकडे बघितलं. परवा. धाकटीचा डबा एकशे वीस म्हणेल, आणि माझा कोटाचा आकडा सांगेल, हजारांत. त्या क्षणी त्या माणसाने मला विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर मी फक्त विहीर कुठे आहे एवढंच विचारलं असतं.

"तुमच्या फोनवर एक विनंती येईल," तो म्हणाला. "'स्वीकारा' दाबा आणि पिन टाका."

पिन आणि टाका. आमचा जन्म त्या दोन शब्दांत गेलाय. तरी मी विचारलं, "पैसे मला यायचेत, मग पिन कशाला?" तो म्हणाला, "ओळख पटवायला, मॅडम. उद्या तुमचे पैसे भलतंच कुणी घेतलं तर?" मला पटलं. उलट वाटलं, किती काळजी घेतात. मी पिन टाकला. तो म्हणाला, चूक दाखवतंय, पुन्हा टाका. पुन्हा टाकला. मग फोन कट झाला आणि खात्यात काही उरलं नाही. थंडीच्या मोसमात शिवलेले सगळे कोट, एकूण एक. नंतर मी त्याला सतरा वेळा फोन लावला, त्याने उचलला नाही. आणि ऐका पुढचं: दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचे पैसे आपोआप आले. काही न करता, हात बांधून बसले असते, तरी आले असते.

तक्रार मी केली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी यांनाही सांगितलं नाही. यांनी आरडाओरडा केला असता, तोही सोसला असता मी. पण गोष्ट फळीपलीकडे गेली असती. धाकटी हसली असती तर बरं झालं असतं, मी तिच्याशी भांडले असते. पण ती हसणाऱ्यातली नाही. ती पाण्याचा ग्लास घेऊन आली असती, माझ्या पाठीवरून हात फिरवला असता. आणि दीर म्हणाले असते, "वहिनी, फोनचं काही असलं की हिला विचारत जा." ते मला सोसलं नसतं. ते मला मेल्यावरही सोसलं नसतं.

तिने एकदा विचारलं, "ताई, ते तुमचे अडकलेले पैसे आले का?"

"आले की," मी म्हणाले. ते खरंच होतं. मग माझी जीभ आणखी पुढे गेली. "मी सरळ त्यांच्या माणसालाच फोन लावला. चांगला होता बिचारा. हातोहात काम केलं."

"तुम्हाला कसं बाई सगळं जमतं," ती म्हणाली. पडलो तरी नाक वर, दुसरं काय. आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला दिवसभर बरं वाटलं. वहीतला तो नंबर खोडावा असं मनात आलं होतं. पेन्सिल हातात घेतलीही होती. पण वहीत रेघ दिसली असती तर धाकटीने पहिल्यांदा तेच विचारलं असतं, "ताई, हे का खोडलं?" मी पान उलटलं आणि वही मिटून ठेवली.

माझ्या फसवणुकीला नऊ दिवस झाले आणि डबा गप्प बसला.

हॉटेलवाल्या मॅनेजरने तिच्याकडून वीस पडद्यांच्या कडा शिवून घेतल्या होत्या. त्याने पैसे पाठवले, त्याच्या फोनवर हिरवी खूण आली, डबा मुका. ती डबा हलवतेय, वायर काढून लावतेय. मला आनंद झाला, लपवत नाही. मनात म्हटलं, ये आता खाली जमिनीवर, मॅडम. मॅनेजर घाईत होता, तो गेला. ती त्या हसऱ्या चेहऱ्याशी झगडत बसली. दहा मिनिटांनी फळीवरून तिचं डोकं दिसलं.

"ताई, तुम्ही फोन केला होता तो नंबर वहीत मागच्या पानावर आहे, तोच ना?"

मी एका जाकिटाची बाही जोडत होते. तोंडात टाचण्या होत्या, पाच-सहा. मी म्हणाले, "हं."

आता कुणी म्हणेल, तोंडात टाचण्या असताना बाई दुसरं काय बोलणार. टाचण्या तोंडातून काढायला किती वेळ लागतो ते मला विचारा. ओंजळीत थुंकल्या की झालं.

ती खाली बसली. पानं चाळल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, "हॅलो, नमस्कार." मग ती पडद्यांचं सांगायला लागली. मग थोडा वेळ गप्प. मग हसली, हलकेच. मला कळलं, त्याने तिला मॅडम म्हटलं. मला तर आयुष्यात त्याने एकट्यानेच म्हटलं होतं, आणि तोही हिला म्हणायला मोकळाच.

तिच्या खात्यात मशीनचे पैसे होते. तीन वर्षांच्या चेना आणि तीन वर्षांच्या पॅन्टा. सोमवारी ती ते भरणार होती, आज शुक्रवार. हे मला माहीत होतं. दुकानात ते मला एकटीलाच माहीत होतं, कारण दुकानात आम्ही दोघीच. मी फक्त उठायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं: फोन ठेव, तो चोर आहे. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं वाक्य यायचं. तुला कसं माहीत?

"विनंती आली," ती पलीकडे म्हणाली. "हो, दिसतेय."

मी पायडलवर पाय ठेवला. मशीन सुरू केली. सुईखाली काही नव्हतं, जाकीट मांडीवरच होतं. नुसती चालवली, जोरात, म्हणजे मला ऐकू येणार नाही. डोक्यात एकच चाललं होतं: होऊ दे. तिचंही होऊ दे. मग आम्ही दोघी सारख्या. मग तिला कळेल, पाठीवरून हात फिरवून घेताना कसं वाटतं. मी इतकी वाईट आहे हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. आपण भांडखोर आहोत, तोंडाळ आहोत, एवढं ठाऊक होतं. तेवढं चालतं माणसाला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. एखादी लांब शिवण होईल एवढा. मग मला वाटलं, आपण काय करतोय. सासऱ्यांनी शिकवलेली मशीन, काय कामाला लावलीय. मी पाय काढला आणि उठले. खरंच उठले. आणि मशीन थांबल्याबरोबर पलीकडून तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "हो, दुसऱ्यांदाही टाकला."

ती फळीला वळसा घालून माझ्याकडे आली. फोन दोन्ही हातांत धरलेला, जसं काही भरलेलं भांडं आहे.

"ताई, बघा ना. यात वजा का दाखवतंय?"

मी बघितलं. बघायला काय होतं.

"तुमचेही असेच आधी वजा दाखवून मग आले होते का?" तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर अजून भीती नव्हती. माझ्यावरचा विश्वास होता, आणि मला तो एखाद्याने अंगावर उकळतं पाणी ओतावं तसा लागला.

"चपला घाल," मी म्हणाले. "बँकेत जाऊ."

बँक चौकाच्या पलीकडे, दहा मिनिटांवर. वाटेत तिला समजलं, हळूहळू, एकेका पावलाला. ती रडायला लागली ती रस्त्यातच, तोंड न झाकता. मला असं रडता येत नाही. दिराचा फोन आला, तिने हुंदके देत काय झालं ते सांगितलं. त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, "तू रडू नकोस आधी. पैसे गेले तर गेले, मशीन पुढच्या वर्षी घेऊ. तू कुठे आहेस, मी येतो." मी शेजारून चालत होते, आणि त्या वेळीसुद्धा, त्या वेळीसुद्धा, मला तिचा हेवा वाटला. माझं गेलं तेव्हा मला असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणणार कोण? मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

"मी मध्ये तुम्हाला विचारायला उठले होते," ती डोळे पुसत म्हणाली. "दुसऱ्यांदा पिन मागितला तेव्हा. पण तुमची मशीन चालू होती. म्हटलं, कामात आहात."

मी चालत राहिले.

तक्रारीच्या खिडकीवर एक चष्मेवाली बाई होती. तिने अर्ज पुढ्यात घेतला आणि एकेक विचारायला लागली. किती वाजता, कोणत्या नंबरवर, काय म्हणाला. धाकटी नीट सांगत होती. रडून झाल्यावर तिचा आवाज परत कामाचा झाला होता.

"हा नंबर तुम्हाला मिळाला कुठून?"

"आमच्या ताईंनी वहीत लिहून ठेवला होता. त्यांचेही पैसे अडकले होते, या नंबरवर फोन केला आणि लगेच आले."

बाईने पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "आले? याच नंबरवरून?"

"हो ना, ताई?" धाकटी म्हणाली.

"नीट आठवून सांगा," बाई म्हणाली. "कारण या नंबरची आमच्याकडे एकही तक्रार नाही. एकीचं काम केलं आणि दुसरीला फसवलं, असं मी लिहिलं तर वरचे म्हणतील, हिनेच काहीतरी चुकीचं दाबलं. मग हे प्रकरण पडून राहील. त्याच नंबरची आणखी एक तक्रार असती तर मी आत्ता फोन करून ते खातं अडवायला सांगितलं असतं. पैसे अजून पुढे गेले नसतील तर वाचतात. कधी कधी."

हॉलमध्ये पंखा फिरत होता. मागे कुणीतरी खोकलं. माझी मूठ झाकलेली होती आणि तिची किंमत धाकटीच्या मशीनएवढी होती.

"आणखी एक आहे," मी म्हणाले. "माझी लिहा."

"तुमचीही? तुमचे तर आले ना?"

"नाही आले. ते आले ते वेगळे. याने माझं खातं धुऊन नेलं. असंच. पिन दोनदा."

बाईने दुसरा अर्ज ओढला. "तारीख?"

मी तारीख सांगितली. मोठ्याने सांगावी लागली, कारण बाईला पहिल्यांदा ऐकू आली नाही. धाकटी माझ्या डाव्या हाताला उभी होती. तिने माझ्याकडे वळून बघितलं नाही. मापं घेणाऱ्या बाईला दोन आकड्यांमधलं अंतर काढायला वेळ लागत नाही. ती टेबलावरच्या अर्जाकडे बघत होती आणि तिचे ओठ किंचित हलले. नऊ.

बाईने फोन उचलला, कुणाशी तरी भराभर बोलली, दोन्ही अर्जांचे नंबर सांगितले. मग म्हणाली, "खातं अडवायला सांगितलंय. यांचे मिळायची आशा आहे, दोन दिवसांत कळवते. तुमचे कठीण आहे. नऊ दिवस फार झाले. त्याच दिवशी आला असतात तर तुमचेही वाचले असते आणि यांचे गेलेच नसते." ती वाईट बोलली नाही, जे होतं ते बोलली. आम्ही दोघींनी सह्या केल्या.

परत येताना धाकटी माझ्या दोन पावलं पुढे होती. दिराला तिने फोनवरच सांगितलं, येऊ नका, काम झालं. मी वाट बघत होते. शिव्या दे, विचार, रस्त्यात उभी राहून माझी इज्जत काढ. दुकानाशी आलो, तिने कुलूप काढलं, आणि दार ढकलायच्या आधी थांबली.

"ताई, त्या वेळी तुमची मशीन रिकामी चालत होती."

मी कुलपाकडे बघत राहिले.

"कापड असलं की आवाज जड येतो," ती म्हणाली. "रिकामी असली की खडखडते. मला तेव्हाच ऐकू आलं होतं. मला वाटलं, तुम्ही तेल घातलंय. तेल मुरायला म्हणून चालवताय."

ती माझ्याकडे बघत होती. डोळे सुजलेले, पण नजर सरळ. तिला माझ्याकडून 'हो' हवं होतं, हे मला दिसत होतं. तिने खोटं स्वतःच शिवून, इस्त्री करून माझ्या हातात दिलं होतं, मी फक्त अंगात घालायचं होतं. आणि मापाला अगदी बरोबर होतं.

"नाही," मी म्हणाले. "तेल नव्हतं घातलं."

ती दार ढकलून आत गेली, आपल्या बाजूला बसली आणि एका पॅन्टच्या उंचीचं काम पुढे ओढलं. मी माझ्या बाजूला बसले. जाकीट तसंच पडलं होतं, बाही अर्धी जोडलेली. पायडलवर पाय ठेवायचा मला धीर होईना. दुकान बंद होईपर्यंत मी हातानेच काजं करत बसले.